हरणाचा माग : दख्खन व मध्य भारतातील पदचिन्हज्ञानाचा इतिहास आणि त्याचे अनामिक ज्ञाते

सारांश

रानातील हरीण प्रत्यक्ष दिसण्यापूर्वी त्याच्या खुरांचे ठसे, लेंड्या, खाल्लेला पाला, सोललेली साल आणि धोक्याची हाक यांवरून त्याचे अस्तित्व ओळखणे, हे मानवाच्या अतिप्राचीन ज्ञानप्रकारांपैकी एक होय. दख्खन व मध्य भारताच्या इतिहासात या ज्ञानाचा उपयोग राजसत्तेने, वसाहतकालीन शिकाऱ्यांनी आणि आधुनिक वन्यजीवशास्त्राने केला. परंतु ज्ञानाचा हा ठेवा ज्यांच्याजवळ होता, त्या मागकाढ्या समूहांची नोंद इतिहासाने सेवक, साथीदार किंवा संशयित एवढीच केली. ज्ञानाला लाभलेली मान्यता आणि ज्ञात्याला नाकारली गेलेली मान्यता यांतील अंतर कसे निर्माण झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

कळीचे शब्द : माग, मृगया, पारधी, पदचिन्हे, गुन्हेगार जमाती कायदा, वन्यजीव प्रगणना.

प्रस्तावना

इतिहास हे भूतकाळाने मागे ठेवलेल्या खुणांचे शास्त्र आहे, असे म्हटले जाते. ताम्रपट, नाणी, बखरी व दफ्तरे या इतिहासकाराच्या परिचयाच्या खुणा होत. परंतु खुणेवरून खूण करणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची रीत लेखनकलेपेक्षाही जुनी आहे. इटालियन इतिहासकार कार्लो गिंझबर्ग यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, शिकाऱ्याने जमिनीवरील ठशांवरून न दिसणाऱ्या प्राण्याची कथा उलगडण्यात अनुमानपद्धतीचे मूळ आहे, असे प्रतिपादन केले. वैद्य, गुप्तहेर आणि इतिहासकार हे याच रीतीचे वारसदार ठरतात.

भारतीय भाषांनी हा संबंध शब्दांतच जपून ठेवला आहे. संस्कृतमधील 'मृग्' या धातूचा अर्थ शोधणे असा आहे. 'मृग' शब्दाने आरंभी कोणताही रानपशू सूचित होत असे. 'मृगेंद्र' आणि 'शाखामृग' या शब्दांत तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. कालांतराने त्याचा अर्थ संकोच पावून हरीण असा झाला. 'मार्ग' हा शब्दही कोशकार 'मृग' शब्दाशीच जोडतात. म्हणजे वाट ही मुळात जनावराची वाट होती. मराठीतील 'माग', 'मागोवा' आणि 'मागणे' हे शब्द याच कुळातील आहेत. आज संशोधक 'मागोवा घेतो' असे आपण सहज लिहितो, तेव्हा नकळत आपण हरणाच्या पाठीमागे निघालेल्या माणसाचीच भाषा वापरत असतो.

निबंधाची उद्दिष्टे व पद्धती

१. हरणांच्या खुणा ओळखण्याच्या ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. प्राचीन काळापासून आजपर्यंत राज्यसंस्थेने या ज्ञानाचा उपयोग कसा केला, ते तपासणे.
३. या ज्ञानाच्या धारकांचे सामाजिक स्थान कसे बदलत गेले, याचा विचार करणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शिलालेख, धर्मशास्त्रीय व राजनीतिविषयक ग्रंथ, वसाहतकालीन अहवाल, कायदे आणि निसर्गविषयक लेखन यांचा आधार घेतला आहे. मराठीत 'हरीण' हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चितळ, सांबर व भेकर हे सारंगकुळातील असून त्यांच्यातील नरांची फाटे फुटलेली शिंगे गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा व चौसिंगा हे कुरंग होत. त्यांची शिंगे आयुष्यभर कायम राहतात. मागकाढ्याच्या दृष्टीने हे सर्वच प्राणी एका विद्येचे विषय असल्यामुळे येथे लोकव्यवहारातील व्यापक अर्थ स्वीकारला आहे.

खुणांची लिपी

या ज्ञानाची थोरवी लक्षात येण्यासाठी त्याचा आशय थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. हरणाचा खूर दुभंगलेला असून ठशाचे निमुळते टोक जाण्याची दिशा दाखवते. काळविटाचा ठसा अरुंद व टोकदार, चितळाचा त्याहून भरीव व हृदयाकृती, तर सांबराचा स्पष्टपणे मोठा असतो. गावालगतच्या माळावर शेळ्यामेंढ्यांचे ठसे याच ठशांत मिसळतात. त्यांची टोके बोथट असतात, हा फरक ओळखणे ही पहिली पायरी होय. प्राणी संथपणे चालत असल्यास खुराचे दोन्ही भाग जवळजवळ उमटतात. पळत असल्यास ते फाकतात, माती मागे उडते आणि जमीन मऊ असेल तर खुरांच्या वर मागील बाजूस असणाऱ्या दोन आखूड नख्याही उमटतात.

ठशाचे वय ठरवणे हे याहून कठीण काम आहे. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात. वारा व ऊन यांनी त्या ढासळतात. ठशावर दव पडले आहे की दवाने ओल्या झालेल्या मातीवर ठसा पडला आहे, यावरून प्राणी पहाटेपूर्वी गेला की नंतर, हे कळते. ठशात पावसाच्या थेंबांचे खळगे असतील तर तो पावसापूर्वीचा. मुंग्यांची रांग त्यावरून स्थिरपणे जात असेल तर तो जुना. येथे प्रत्येक निष्कर्ष दोन घटनांच्या क्रमावर आधारलेला आहे. उत्खननातील थरांवरून काळ ठरवणाऱ्या पुरातत्त्वज्ञाची रीतही याहून तत्त्वतः वेगळी नाही.

लेंड्यांवरूनही बरेच काही समजते. ताज्या लेंड्या ओलसर व चकचकीत असतात. वाळत गेल्यावर त्या निस्तेज होऊन भेगाळतात. काळविटाचा नर आपल्या क्षेत्रात ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे तेथे ढीग साचतो. चौसिंग्याचीही अशीच सवय आहे. असा ढीग म्हणजे केवळ विष्ठा नसून हद्दीची खूण असते. काळवीट डोळ्यांजवळील ग्रंथीचा काळसर चिकट स्रावही काडीच्या टोकाला लावून ठेवतो. चितळ व सांबरांचे नर शिंगांवरील मखमली कातडी घासून काढताना झाडांची साल सोलतात. घर्षणाच्या उंचीवरून प्राण्याच्या आकाराचा अंदाज येतो. माजावर आलेले सांबर चिखलात लोळते आणि तो चिखल जवळच्या बुंध्यांना लागलेला दिसतो. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे त्यांनी खाल्लेल्या कोंबाचे टोक फाटल्यासारखे असते. सशाने कुरतडलेले टोक मात्र तिरपे व स्वच्छ कापलेले असते.

याखेरीज आवाजांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. सांबराची खणखणीत हाक, भेकराचे भुंकणे आणि चितळाची तीक्ष्ण शीळवजा हाक या वाघ किंवा बिबट्या जवळ असल्याच्या सूचना होत. अशा रीतीने ठसा, विष्ठा, चारा व ध्वनी या चार पुराव्यांची एकमेकांशी पडताळणी करून मागकाढ्या निष्कर्षाप्रत येतो. पुराव्यांची अशी पडताळणी ज्या विद्येत होते, तिला केवळ 'उपजत कौशल्य' म्हणणे अन्यायाचे ठरेल.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : राजाचा विनोद

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीत पाळीव जनावरांबरोबरच वन्य हरणांची हाडेही सापडली. शेती सुरू झाल्यानंतरही शिकार हा जीवनाचा भाग राहिला होता, हे त्यावरून स्पष्ट होते. राज्यसंस्थेच्या उदयानंतर मात्र शिकारीला दोन स्तर प्राप्त झाले : वनवासी समूहांची उपजीविका आणि राजाची मृगया.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत व त्यांत मृगया असे, तिची जागा आता धर्मयात्रेने घेतली, असा आशय आहे. याच शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे मिळाला. महाराष्ट्राच्या भूमीवर सापडलेल्या सर्वांत प्राचीन राजलेखांपैकी एकाचा विषय मृगयेचा त्याग हा असावा, ही बाब अर्थपूर्ण आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायदानाविषयी एक उपमा येते. शिकारी ज्याप्रमाणे सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून जखमी हरणाचे ठिकाण शोधतो, त्याप्रमाणे राजाने अनुमानाने धर्माचे ठिकाण शोधावे, असे तेथे सांगितले आहे. न्यायाधीशासाठी आदर्श म्हणून येथे शिकाऱ्याची बुद्धी पुढे केली आहे. तथापि त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात रानपशूंची हत्या हा व्यवसाय मेद, आंध्र, चुंचू व मद्गू या संकरजन्य मानलेल्या हीन समूहांकडे सोपवलेला आहे. विद्येला उपमेत सन्मान आणि विद्यावंताला समाजरचनेत तळाचे स्थान, ही विसंगती येथेच प्रथम स्पष्टपणे दिसते. 'पारध' हा मराठी शब्दही कोशकार 'पापर्द्धि' म्हणजे पापाची वाढ या शब्दापासून व्युत्पन्न करतात. राजाची ती 'मृगया' आणि इतरांची ती 'पारध', असा भेद भाषेतही रुजला.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून वर्णिला आहे. मुघल काळात 'आईन-ए-अकबरी'मध्ये चित्त्यांकरवी व शिकवलेल्या हरणांकरवी होणाऱ्या शिकारीची वर्णने आढळतात. चित्ता पकडणे, त्याला शिकवणे आणि काळविटांचे कळप हेरणे यांसाठी कुशल माणसे लागत. 'चित्ता पारधी' हे पोटजमातीचे नाव त्या परंपरेची साक्ष देते. दरबारी ग्रंथांत राजे व चित्ते प्रामुख्याने दिसतात. कळपाचा माग काढणारा माणूस मात्र क्वचितच.

ग्रामव्यवस्थेतील माग

माग काढण्याच्या विद्येला दख्खनच्या ग्रामव्यवस्थेत एक अधिकृत स्थानही होते. पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात गावच्या जागल्याच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. चोरी झाल्यास जागल्याने चोराच्या पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यावा आणि तेथून पुढील जबाबदारी त्या गावाने घ्यावी, अशी ही पद्धत होती. महार, रामोशी, भिल्ल आदी समूहांतील व्यक्ती हे काम करीत. हरणाच्या खुरांवर घडलेली नजरच येथे माणसाच्या पावलांकडे वळली होती, आणि मागकाढ्याचा शब्द दोन गावांमधील जबाबदारी ठरवीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या गुन्ह्याचा तपास करणारी होती; त्याच शतकाच्या उत्तरार्धात तिच्या धारकांपैकी अनेकांना गुन्हेगार ठरवण्याची प्रक्रिया सुरू झाली.

वसाहतकाल : बंदूक आणि फास

१८७१ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी जेम्स फोर्सिथ याचा मध्य भारतातील उंच प्रदेशांविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ लंडन येथे प्रकाशित झाला. सातपुड्यातील सांबर, चितळ व गवे यांच्या शिकारीची आणि गोंड व कोरकू लोकांच्या सहवासाची वर्णने त्यात आहेत. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला आणि फासेपारध्यांसारखे समूह त्याच्या कक्षेत आले. हजेरी, परवान्याविना प्रवासास बंदी आणि काटेरी तारांच्या वसाहती यांनी भटक्या शिकाऱ्याच्या जीवनाचा आधारच, म्हणजे मोकळा संचार, काढून घेतला.

रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या शिकारपद्धतींची माहिती मिळते. फासेपारधी दोरीला अनेक फासे बांधून ते हरणांच्या वाटेवर मांडीत. काही गट शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने कळपाजवळ जात. फास मांडण्यासाठी उद्या हरीण कोणत्या वाटेने येईल, हे आज सांगता येणे आवश्यक असते. बंदूकधाऱ्याला दुरून नेम धरता येतो; फास लावणाऱ्याला मात्र हरणाची सवय, वाऱ्याची दिशा व पाणवठ्याची वेळ यांचे अचूक ज्ञान लागते. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनांतील शिकारीबरोबर सापळे व फास लावण्यावरही निर्बंध घातले. नियम सर्वांसाठी होते, परंतु परवाना बंदूकधाऱ्याला मिळे. परिणामी साहेबाची शिकार 'खेळ' ठरली आणि पारध्याची शिकार 'चोरी' ठरली. साहेबाला सांबरापर्यंत नेणारा माणूस पुष्कळदा त्याच समूहांपैकी असे; त्याचे नाव मात्र शिकारकथांत अभावानेच येते.

या सर्वसाधारण प्रवाहात कोल्हापूर संस्थानाचे उदाहरण वेगळे आहे. तेथे चित्त्यांकरवी काळविटांच्या शिकारीची परंपरा विसाव्या शतकातही टिकून होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील गुन्हेगार मानलेल्या जातींची हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना आश्रय व काम दिले. शिकारीचा छंद असलेल्या राजाने शिकारी समूहाकडे माणूस म्हणून पाहिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : संरक्षण आणि प्रगणना

१९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन हे समूह 'विमुक्त' झाले. त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. काळविटांची संख्याही मोठ्या प्रमाणावर घटली होती. बेसुमार शिकार व माळरानांवरील वाढती शेती ही त्यामागील प्रमुख कारणे होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. १९८० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे सुमारे २.१७ चौरस किलोमीटरचे काळवीट अभयारण्य स्थापन झाले. या कायद्याची आवश्यकता निर्विवाद आहे. तो नसता तर दख्खनच्या माळांवर आज काळवीट दिसणे कठीण झाले असते. परंतु ज्यांची उपजीविका या कायद्याने थांबली, त्यांच्या ज्ञानाला पर्यायी उपयोग देण्याचा विचार त्या प्रमाणात झाला नाही.

दरम्यान खुणांचे वाचन विज्ञानाच्या क्षेत्रात प्रवेश करीत होते. जॉर्ज शेल्लर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे चितळ, सांबर, बारशिंगा व काळवीट यांचा अभ्यास करून १९६७ मध्ये हरीण व वाघ यांच्या परस्परसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७२ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत पावलांच्या ठशांचा आधार घेण्यात आला. २००६ पासून ती पद्धत मागे पडून स्वयंचलित कॅमेऱ्यांचा व सांख्यिकीय पद्धतींचा वापर सुरू झाला. तरीही त्याच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात ठरावीक रेषेवर चालत जाऊन दिसलेले तृणभक्षी प्राणी व त्यांच्या लेंड्या यांची नोंद करतो. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळील मचाणांवर बसून होणारी प्राणिगणनाही सर्वपरिचित आहे. पाणवठ्याशी बसून वाट पाहणे ही शिकाऱ्याचीच रीत. फरक इतकाच की आता हाती बंदुकीऐवजी नोंदवही असते.

मराठीत या ज्ञानाला लेखनरूप देण्याचे मोठे कार्य मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. वनाधिकारी म्हणून दीर्घकाळ जंगलात राहून त्यांनी प्राणी, पक्षी व वृक्ष यांची आदिवासींच्या बोलींतील नावे जमवली आणि कोशांत समाविष्ट केली. वनवासी माणूस हा केवळ वाटाड्या नसून गुरूही असू शकतो, ही जाणीव त्यांच्या लेखनातून मराठी वाचकाला झाली.

निष्कर्ष

१. हरणांच्या खुणा ओळखण्याची विद्या ही निरीक्षण, तुलना, कालक्रम व पडताळणी यांवर आधारलेली अनुमानपद्धती असून तिचा समावेश ज्ञानाच्या इतिहासात होणे आवश्यक आहे.

२. धर्मशास्त्रातील उपमेपासून आधुनिक प्रगणनेपर्यंत प्रत्येक सत्तेने या विद्येचा उपयोग केला. परंतु राजाने तिला विनोद म्हटले, साहेबाने खेळ म्हटले आणि शास्त्राने पद्धती म्हटले. मूळ धारकाचे नाव यांपैकी कोठेही ठळकपणे आले नाही.

३. एकोणिसाव्या शतकात मागकाढ्याचे स्थान तपास करणाऱ्याकडून संशयिताकडे सरकले. हा बदल कौशल्यातील नसून कायद्याच्या दृष्टीतील होता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. समाजमनातील संशय मात्र त्याबरोबर रद्द झाला नाही.

४. वन्यजीव संरक्षण आणि शिकारी समूहांचा सन्मान या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. शिकारीचे उदात्तीकरण न करताही शिकाऱ्याच्या ज्ञानाची नोंद करता येते.

हे ज्ञान लिहिलेले नाही. ते वृद्ध स्त्रीपुरुषांच्या स्मरणात व त्यांच्या बोलीतील शब्दांत आहे, आणि जी पिढी स्वतः माळावर हिंडली ती आता उतरणीला लागली आहे. फासेपारधी, गोंड, कोरकू आदी समूहांतील खुणांविषयीची शब्दसंपदा मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवून घेणे, आणि माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने त्या नोंदीवर घालणे, हे काम ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व प्राणिशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. महाविद्यालयाच्या शेजारच्या वस्तीवर जाऊन ऐकण्याची तयारी मात्र हवी. पावसापूर्वीचा ठसा पावसानंतर वाचता येत नाही, ही गोष्ट मागकाढ्याला ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकानेही ती ध्यानात ठेवावयास हवी.